औंधचे राजेसाहेब आणि आपली गुटगुटीत मुले

मे महिना लागला की विट्याच्या गल्ल्यांत परराज्यांच्या नंबरप्लेटच्या गाड्या दिसू लागतात. सोन्याचांदीच्या गलाई व्यवसायासाठी देशाच्या कानाकोपऱ्यात गेलेली आपली माणसे सुट्टीला, जत्रेला, लग्नकार्याला गावी येतात. या दिवसांत आमच्या ओपीडीत एक प्रसंग दरवर्षी घडतो. एखादी आजी दहा-अकरा वर्षांच्या नातवाला हाताला धरून घेऊन येते. मुलाच्या मानेभोवती काळा पट्टा असतो. कितीही घासले तरी हा मळ निघत नाही, एखादे मलम लिहून द्या, एवढेच तिचे म्हणणे असते.

तो मळ नसतो. शरीरातील इन्सुलिनचा परिणाम कमी पडू लागला की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडते आणि त्या वाढलेल्या इन्सुलिनमुळे मानेवरची, काखेतली त्वचा जाड व काळपट होते. अशा मुलाला वजनकाट्यावर उभे केले की बहुतेक वेळा उत्तर समोर येते. उंचीच्या मानाने वजन बरेच जास्त असते आणि पोट सुटलेले असते. मग मी आजीला विचारतो, नातू शाळेतून आल्यावर काय करतो? क्लासला जातो. क्लासहून आल्यावर? मोबाइल. खेळायला जात नाही का? कुठे जाणार, इमारतीखाली सगळ्या गाड्या लावलेल्या असतात.

हे फक्त परगावी राहणाऱ्या घरांचे नाही. विट्यातच वाढणाऱ्या मुलांच्या दिवसातूनही मैदान हळूहळू निघून गेले आहे. शाळेची व्हॅन दारात येते, दारात सोडते. संध्याकाळ क्लासमध्ये जाते. उरलेला वेळ पडद्यासमोर. आईवडिलांना मुलाचे गुटगुटीत गाल दिसतात आणि खात्यापित्या घरचे पोर म्हणून बरेही वाटते.

अशा वेळी मला आपल्या शेजारच्या एका राजाची आठवण होते. मुलांच्या शरीराची हालचाल हा राज्यकारभाराचा विषय आहे असे मानणारा हा माणूस विट्यापासून तास-दीड तासाच्या अंतरावर राहत होता. भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी, औंध संस्थानचे अधिपती.

सँडोचा शिष्य

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. राजघराण्यातला मुलगा, पण शिक्षण इतरांसारखेच पुरे केले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधून ते बी.ए. झाले. त्या काळी शिकलेल्या तरुणांपुढे एक पेच असे. पुस्तकी अभ्यासात वर्षे जायची आणि शरीर मागे पडायचे. राजवाड्यात तर सगळी कामे करायला माणसे हजर. हालचाल करण्याचे कारणच उरत नाही. आज आपल्या घराघरांत यंत्रांनी आणि गाड्यांनी जी सोय केली आहे, ती त्या काळी फक्त राजेरजवाड्यांच्या वाट्याला येत होती, असे म्हटले तरी चालेल.

१८९७ च्या सुमारास बाळासाहेबांनी व्यायाम मनावर घेतला. तेव्हा युरोपात युजेन सँडो या बलदंड माणसाचे नाव गाजत होते. पिळदार शरीर कसे कमवावे याची त्याची पुस्तके आणि स्प्रिंगची साधने जगभर विकली जात. बाळासाहेबांनी ती सगळी साधने आणि पुस्तके मागवली आणि जवळजवळ दहा वर्षे त्याच्या पद्धतीने नेमाने व्यायाम केला. हौसेने सुरू करून महिनाभरात सोडून देणाऱ्यांतले ते नव्हते.

१९०८ मध्ये त्यांच्या व्यायामाला वेगळे वळण लागले. मिरजेचे अधिपती गंगाधरराव ऊर्फ बाळासाहेब पटवर्धन यांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्काराकडे वळले. सूर्यनमस्कार महाराष्ट्राला नवा नव्हता. समर्थ रामदासांच्या परंपरेशी त्याचे नाव जोडलेले होते आणि कित्येक घरांत, तालमींत तो घातला जात होता. पण बाळासाहेबांनी त्याच्याकडे अधिक चिकित्सक नजरेने पाहिले. कुठल्या स्थितीत कोणता स्नायू ताणला जातो, श्वास कधी घ्यायचा, कधी सोडायचा, हात आणि पाय कुठे टेकायचे, याचा त्यांनी बारकाईने विचार केला. दहा स्थितींचा एक नमस्कार त्यांनी ठरीव पद्धतीने मांडला आणि रोज पहाटे शेकडो नमस्कार घालण्याचा नेम ठेवला. तो पुढे आयुष्यभर चालला.

सँडोच्या साधनांपेक्षा हा व्यायाम त्यांना का पटला, हे समजणे अवघड नाही. साधने विकत घ्यावी लागतात, ती मोडतात, आणि एका वेळी एकच माणूस ती वापरू शकतो. नमस्काराला सहा-साडेसहा फूट जागा पुरते. पैसा लागत नाही, गडी लागत नाही, सोबतीची वाट पाहावी लागत नाही. ज्याला पुढच्याच वर्षी एका गरीब संस्थानाचा कारभार हाती घ्यायचा होता, त्याच्या दृष्टीने ही मोठीच गोष्ट होती.

बहात्तर गावांचे राज्य

१९०९ मध्ये बाळासाहेब औंधच्या गादीवर आले. संस्थान लहान, अवघ्या ७२ गावांचे, आणि तीही एका सलग पट्ट्यात नाहीत. राजधानी औंध आताच्या सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात. एक मोठा तुकडा आटपाडीचा. एक कुंडलच्या बाजूला. एक तर दूर विजापूरकडे गुणदाळला. आपले विटे आणि खानापूर तालुका इंग्रजी मुलखातल्या सातारा जिल्ह्यात होता, पण ईशान्येला आटपाडी आणि दक्षिणेला कुंडल, अशी दोन्हीकडे औंधची हद्द होती. आज आमच्या ओपीडीत त्या भागातून रुग्ण येतात, त्यांच्यातल्या अनेकांचे आजोबा-पणजोबा औंध संस्थानच्या शाळांत शिकलेले आहेत.

या मुलखाचा मोठा भाग दुष्काळी. पाऊस कमी, जमीन हलकी, उत्पन्न बेभरवशाचे. तिथल्या राजाने शाळा काढाव्यात, उद्योगाला जागा द्यावी हे समजू शकते. बाळासाहेबांनी ते केलेही. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची माळरानाची जागा दिली आणि तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. पण ज्या मुलांना पोटभर भाकरी मिळण्याची खात्री नाही, त्यांना व्यायाम कशाला, असा प्रश्न कुणालाही पडेल. त्या काळची मुले गुरांमागे हिंडत, विहिरीवरून पाणी आणत, मैलोन्मैल चालत. अंगावर चरबी चढण्याची भीती नव्हतीच.

बाळासाहेबांना मुलांचे वजन उतरवायचे नव्हते. पाठ ताठ असावी, छाती भरावी, श्वास खोल जावा, रोजच्या आयुष्याला शरीराची शिस्त असावी, असा त्यांचा विचार होता. त्यांनी संस्थानच्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचा केला. वेळापत्रकात गणित आणि भाषा यांच्यासारखीच नमस्काराची जागा ठरली. ज्याच्या घरी आवड आहे त्याने करावा आणि इतरांनी पाहावे, असे त्यांनी ठेवले नाही. पाटलाचा मुलगा आणि शेतमजुराचा मुलगा एकाच रांगेत नमस्कार घालू लागले.

मुलीही त्यातून वगळल्या नाहीत, याचे महत्त्व आज सहज लक्षात येणार नाही. शंभर वर्षांपूर्वी मुलीला शाळेत धाडणे हेच धाडस होते. तिने व्यायाम करायचा हा विचार अनेक घरांना पचणारा नव्हता. बाळासाहेबांनी स्वतःच्या घरापासून सुरुवात केली. राणीसाहेब आणि मुलेमुली नियमाने नमस्कार घालत. बायकांनी व्यायाम केला तर त्यांची प्रकृती सुधारते, हे त्यांनी लेखांतून आणि व्याख्यानांतून वारंवार मांडले.

स्वतः करून दाखवणारा राजा

नुसता हुकूम काढून ते थांबले नाहीत. ठिकठिकाणी व्याख्याने देत, आणि बोलून झाले की स्वतः नमस्कार घालून दाखवत. राजा लोकांसमोर उघड्या अंगाने जमिनीवर हात टेकतो, हे दृश्य त्या काळच्या लोकांना किती नवलाचे वाटले असेल याची कल्पना करा. चित्रपट अजून मुका होता तेव्हा त्यांनी सूर्यनमस्काराची चित्रफीत तयार करून घेतली. १९२८ च्या सुमारास त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले आणि हा विषय महाराष्ट्राबाहेर पोहोचला.

१९३६ मध्ये ते इंग्लंडला गेले. वय अडुसष्टच्या घरात. तिथल्या लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंना या राजाची चपळाई आणि राणीसाहेबांची प्रकृती पाहून कुतूहल वाटले. त्यांनी यावर वर्तमानपत्रात लिहिले, आणि त्यातूनच ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ हे पुस्तक १९३८ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. आज जगभरच्या योगवर्गांत सूर्यनमस्कार घातला जातो. त्या प्रसारात औंधसारख्या एका लहान गावाचा मोठा वाटा आहे, हे आपल्याकडेच फारसे कुणाला ठाऊक नसते.

आहाराबाबतही त्यांची मते ठाम होती. गिरणीत सडलेल्या पांढऱ्या तांदळापेक्षा हातसडीचा तांदूळ, मैद्यापेक्षा कोंड्यासकट पीठ, कच्च्या भाज्या आणि फळे यांचा ते पुरस्कार करत. चहा, कॉफी, तंबाखू यांना त्यांचा विरोध होता. व्यायाम करा आणि मग हवे ते खा, असे त्यांनी सांगितले नाही. ही गोष्ट पुढच्या चर्चेसाठी लक्षात ठेवावी.

व्यायाम हा त्यांच्या आयुष्याचा एक पैलू झाला. ते स्वतः चित्रकार होते, कीर्तने करत. पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला त्यांनी मोठे आर्थिक साहाय्य दिले आणि तिच्यासाठी चित्रेही काढली. औंधच्या यमाईच्या डोंगरावर १९३८ मध्ये त्यांनी उभारलेले वस्तुसंग्रहालय आजही पाहण्यासारखे आहे. १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने त्यांनी राज्याचा कारभार प्रजेच्या प्रतिनिधींकडे सोपवणारी घटना दिली. त्याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली, जिच्यावरून पुढे ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट निघाला. पुत्र आप्पासाहेब पंत स्वतंत्र भारताचे राजदूत झाले. त्यांनीही सूर्यनमस्कारावर पुस्तक लिहिले.

मार्च १९४८ मध्ये औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. १३ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी बाळासाहेबांचे निधन झाले. त्यांच्या जन्माच्या काळात सरासरी भारतीय माणसाचे आयुष्य किती थोडे होते हे पाहिले, तर हे वय मोठे म्हणावे लागेल. अर्थात त्याचे सगळे श्रेय नमस्काराला देणे डॉक्टर म्हणून मला शक्य नाही. राजवाड्यातले अन्न, स्वच्छ पाणी आणि उपचार यांचाही त्यात वाटा असणारच.

राजेसाहेबांचे कुठे बरोबर, कुठे नाही

जुन्या मोठ्या माणसांचे सगळेच बरोबर होते असे मानणे वैद्यकशास्त्राला परवडत नाही. सूर्यनमस्काराने जवळजवळ सगळे आजार दूर राहतात, असा बाळासाहेबांचा विश्वास होता. तो उत्साहाच्या भरातला होता. व्यायामाने मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांचा धोका कमी होतो हे खरे. पण क्षयाला औषधच लागते आणि घटसर्पाला लस. कोणताही एक व्यायाम सर्व रोगांवरचा इलाज नसतो.

दुसरी गोष्ट मुलांच्या स्वभावाची. एका रांगेत उभे राहून, एका तालावर, त्याच दहा स्थिती रोज करणे हे मोठ्या माणसाला जमते. मूल असे चालत नाही. ते धावते, थांबते, पडते, भांडते, पुन्हा धावते. काही सेकंद जोरात आणि काही सेकंद विसावा, हीच मुलांच्या हालचालीची नैसर्गिक रीत आहे. आट्यापाट्या, खो-खो, लंगडी, लगोरी, सूरपारंब्या हे खेळ नेमके याच रीतीने चालतात. शिवाय त्यांत हार पचवायची, गटात राहायचे, नियम मोडणाऱ्याशी वाद घालायचा हे शिक्षण असते. कवायतीत ते मिळत नाही. त्यामुळे नमस्कार घाला, पण नमस्कार घातले म्हणून खेळ बंद करू नका. शिक्षा म्हणून उठाबशा काढायला लावण्याची सवयही सोडायला हवी. हालचाल म्हणजे शिक्षा, हे एकदा मुलाच्या मनात बसले की ते मोठेपणीही व्यायामापासून दूर पळते.

पण मूळ मुद्द्यावर बाळासाहेब आपल्या पुढे होते. मुलांची हालचाल घराच्या मर्जीवर सोडली तर ती काही मुलांनाच मिळते, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी तिच्यासाठी रोजची वेळ ठरवली, सर्वांसाठी ठरवली, आणि मोठ्यांनी आधी स्वतः करावे असा दंडक घातला. आज आपण हे तिन्ही सोडले आहे. परीक्षा जवळ आली की पहिला बळी जातो तो खेळाच्या तासाचा. बाप सोफ्यावर मोबाइल पाहत मुलाला बाहेर जा म्हणतो. मूल बापाचे बोलणे ऐकत नाही, बापाचे वागणे पाहते.

दोन टोकांचे कुपोषण

बाळासाहेबांच्या काळात प्रश्न एकच होता, कमी खायला मिळण्याचा. आज एकाच गावात दोन्ही टोके आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातली पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. त्याच वयोगटात वजन जास्त असलेल्या मुलांचे प्रमाण आधीच्या फेरीतल्या २.१ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर गेले. आकडा लहान दिसतो, पण दिशा पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात ५ ते १९ वर्षे वयाची ३९ कोटी मुले जास्त वजनाची होती आणि त्यातली १६ कोटी लठ्ठ.

आपल्या मुलांना आणखी एक धोका आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षांच्या संशोधनातून दाखवून दिले की भारतीय बाळ जन्मतः लहान असते, पण त्याच्या अंगात स्नायूंच्या मानाने चरबी जास्त असते. बारीक दिसूनही चरबी जास्त, अशी ही ठेवण. म्हणजे युरोपातल्या मुलाला जे वजन सोसते ते आपल्या मुलाला सोसेलच असे नाही. म्हणूनच भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या मुलांसाठी वेगळे तक्ते केले आहेत. मोठ्या माणसाच्या २३ बीएमआयशी जुळणारी रेषा ओलांडली की वजन जास्त, २७ शी जुळणारी रेषा ओलांडली की लठ्ठपणा, असे त्यात धरले जाते. मुलाचा बीएमआय मोठ्यांच्या तक्त्यावर पाहू नये. वयानुसार आणि मुलगा की मुलगी यानुसार तो बदलतो.

घरच्या घरी करायची एक सोपी परीक्षा आहे. सहा वर्षांवरील मुलाच्या कंबरेचा घेर दोरीने मोजा. तीच दोरी दुप्पट करून त्याच्या उंचीला लावा. दुप्पट दोरी उंचीपेक्षा जास्त भरली, तर डॉक्टरांना दाखवा. मान काळवंडली असेल, मूल झोपेत मोठ्याने घोरत असेल, जिना चढताना धापा टाकत असेल, तरीही दाखवा. शाळेत आरोग्य तपासणीचे पथक येते तेव्हा मुलाची उंची आणि वजन नोंदले जाते. ते आकडे शिक्षकांकडून मागून घ्या आणि दरवर्षी वहीत लिहून ठेवा.

मैदान काय देते

स्नायू काम करू लागले की ते रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी मदत न घेताही ओढून घेतात. म्हणून वजन एक किलोनेही उतरले नाही तरी रोज खेळणाऱ्या मुलाच्या शरीरात बदल होतो. उड्या मारल्याने, धावल्याने हाडांवर भार पडतो आणि ती भक्कम होतात. हाडांची ही कमाई मुख्यतः वाढीच्या वयातच होते. उघड्यावरच्या प्रखर उजेडात वेळ घालवणाऱ्या मुलांना चष्मा लागण्याचा धोका कमी होतो. ढगाळ दिवशीही बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांपेक्षा कितीतरी पट जास्त असतो. त्वचेवर ऊन पडले की ड जीवनसत्त्व तयार होते. मात्र अगदी कोवळ्या उन्हात ते फारसे होत नाही, सूर्य थोडा वर आल्यावर होते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे ऊन धोक्याचे, तेव्हा सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर खेळावे. दिवसभर हुंदडलेले मूल रात्री लवकर आणि गाढ झोपते हे तर प्रत्येक आईला माहीत आहे.

किती खेळावे? पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी किमान ६० मिनिटे धाप लागेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यातले निदान तीन दिवस जोमाचे, हाडे आणि स्नायू बळकट करणारे असावेत. तीन-चार वर्षांच्या लेकरांनी दिवसभरात मिळून तीन तास हिंडावे-फिरावे, आणि पडदा एका तासापेक्षा जास्त नको. हा तास सलग हवा असे नाही. शाळेत चालत जाण्याची पंधरा मिनिटे, मधल्या सुट्टीतली पंधरा आणि संध्याकाळची तीस, असाही तो भरतो. वेगाने घातलेले सूर्यनमस्कारही त्यात धरता येतात.

मात्र नुसत्या खेळाने वजन उतरेल अशी आशा धरू नका. अर्धा तास धावून जे खर्च होते ते वेफर्सच्या एका पुड्याने आणि थंडपेयाच्या एका बाटलीने भरून निघते. बाळासाहेबांनी आहाराची बाजू सोडली नव्हती, ती याचसाठी महत्त्वाची. आपल्या घरची ज्वारी-बाजरीची भाकरी, उसळ, शेंगदाण्याची चटणी, ताक, हंगामातले पेरू-बोरे यांना पुन्हा ताटात जागा द्या. वाढत्या मुलाला उपाशी ठेवू नका. बहुतेक मुलांत वजन झपाट्याने उतरवायचे नसते, ते आहे तिथे थोपवायचे असते. उंची वाढत जाते आणि प्रमाण आपोआप सुधारते. मुलाला जाड्या, ढोल्या अशी नावेही ठेवू नका. लाजलेले मूल मैदानावर जात नाही, कोपऱ्यात बसून आणखी खाते.

आपल्या हाती काय आहे

औंधच्या राजाकडे हुकूम काढण्याची सत्ता होती. आपल्याकडे ती नाही, पण काही गोष्टी आहेत. पालकसभेत परीक्षेच्या गुणांबरोबर खेळाच्या तासाचाही हिशेब विचारता येतो. दोन क्लासमधला एक कमी करता येतो. गल्लीतली चार घरे मिळून संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा गाड्या एका बाजूला लावू शकतात. सुट्टीच्या दिवशी शाळेचे मैदान मुलांसाठी उघडे ठेवा, अशी विनंती ग्रामस्थ करू शकतात. मुलींसाठी वेगळा विचार करावा लागेल. बारा-तेराव्या वर्षी मुलगी मोठी झाली म्हणून तिचे खेळणे थांबते आणि नेमके त्याच वयात वजन वाढू लागते. तिच्यासाठी मैदान सुरक्षित राखणे ही आपली जबाबदारी आहे. शंभर वर्षांपूर्वी एका संस्थानिकाला जे सुचले, ते आपल्याला आज अवघड वाटू नये. आणि दसऱ्याला खांद्यावर पालखी घेऊन धावणाऱ्या आपल्या विट्याला, मुलांनी धावावे हे सांगायला बाहेरचा माणूस कशाला हवा?

गेल्या वर्षी अशाच एका आजीला मी मलम लिहून दिले नाही. नातवाचे वजन, उंची, साखर तपासली. चिठ्ठीवर थंडपेय बंद, वेफर्स बंद असे लिहिले आणि खाली लिहिले, रोज संध्याकाळी एक तास आजीबरोबर मोकळ्या जागेत. खेळ कोणते, ते आजीला सांगावे लागले नाहीत. सुट्टी संपताना ती पुन्हा नातवाला घेऊन आली. मानेचा काळेपणा तसाच होता, तो जायला महिनोन्महिने लागतात हे मी आधीच सांगितले होते. वजन वाढले नव्हते. लंगडीत सुरुवातीला दहा पावलांत दमणारे पोर आता अंगण पार करते, असे आजीने सांगितले. ओपीडीत मागे रांग होती, तरी पोराला ते मला करून दाखवायचेच होते. त्याने दाराजवळून टेबलापर्यंत लंगडी घातली. मी त्याला एकच गोष्ट सांगितली. परत आपल्या शहरात गेल्यावर इमारतीतल्या चार मुलांना ही लंगडी शिकव, आणि पुढच्या मे महिन्यात येशील तेव्हा किती जण शिकले ते मला सांग.